बिनअस्तराचा कोट

भावजी,

तुमची लेक येऊन गेली. म्हणाली, काकू, बाबांवर काहीतरी लिहा; सिगारेट सोडून माणूस नव्वदीपार कसा जातो, ते लोकांना कळू दे. म्हटलं, लिहिते. त्यात काय अवघड आहे? पहाटे उठायचं, चालायचं, मोजकं जेवायचं, लवकर झोपायचं. चार ओळींत तुम्ही संपलात. पण तेवढंच लिहिलं तर ते तुम्ही नव्हे, दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता झाला. तुम्ही इतके जपून का जगलात, ते लिहायला हवं. तुम्हाला आवडणार नाही, पण आता तुम्ही मला अडवू शकत नाही. आणि तुमच्या वहिनीला लांबण लावलेलं चालत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा सरळ सुरुवात करते. गोष्ट तुमची आहे, तिच्यात तुम्ही मास्तर, म्हणून मीही नुसती वहिनीच. उगाच मी-मी केलं की शिवणीला सुरकुत्या पडतात.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. पुरुषांच्या कोट-पँटचं दुकान होतं. पुढे रस्त्याकडे काच, आत एक लांब टेबल, टेबलामागे माणूस डोक्यापासून बुटापर्यंत दिसेल असा आरसा, आणि सगळ्यात मागे शिलाईचं मशीन. टेबल मास्तरांचं, मशीन टाचणीचं. टाचणी म्हणजे मास्तरांचा भागीदार, वहिनीचा नवरा. अंगाने काटकुळा आणि ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून सगळी गल्ली त्याला टाचणीच म्हणायची. लग्नाच्या बायकोने तसं म्हणू नये, पण खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नसे. बोलायचा तो टाचण्यांच्या फटीतून, आणि तरी दुकानातले सगळे विनोद त्याचेच असत.

टाचण्या तोंडातून निघायच्या त्या फक्त सिगारेटसाठी. दुकानात धूर करायचा नाही, असा दोघांचा नियम होता. लोकरीच्या कापडात वास बसला की जात नाही, आणि ठिणगी पडली तर गिऱ्हाईकाला तोंड दाखवायला जागा राहत नाही. म्हणून सिगारेट मागच्या दारात, आणि दोघांनी एकदम जायचं नाही, कारण गिऱ्हाईक आलं तर बघणार कोण. यातून त्यांची एक पद्धत पडली होती. एक सिगारेट घ्यायची, मास्तरांनी ती जुन्या कात्रीने मधोमध कापायची आणि दोन्ही तुकडे मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचे. आधी एकाने जाऊन आपली अर्धी ओढायची, मग दुसऱ्याने. फिल्टर असलेली अर्धी मास्तरांची, कारण ते वयाने मोठे. बिनफिल्टरची टाचणीची.

"मला कडकच लागते," तो म्हणायचा. "फिल्टर म्हणजे चहा गाळून, वर फडक्यातून पिळून प्यायल्यासारखं."

कापायचं काम मास्तरांचंच का, तर दुकानातल्या कुठल्याही कात्रीला शिवणाऱ्याने हात लावायचा नाही. ते त्या धंद्यातलं सोवळं. टाचणी मशीनवर राजा होता, पण कधी दोरासुद्धा कात्रीने कापला नाही त्याने, दाताने तोडायचा.

मास्तरांनी पंचेचाळिशीत सिगारेट सोडली. एका डॉक्टरांच्या सुटाचं कापड टेबलावर पसरलं होतं, खडूने रेघ मारली होती आणि मास्तर कापत होते. मध्येच खोकल्याची उबळ आली. हात हलला आणि कात्री रेघ सोडून बाहेर गेली, खांद्याच्या पार आत. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. ते गुपचूप नवं कापड आणून सूट करून देऊ शकले असते. पण डॉक्टर फिटिंगला आले तेव्हा मास्तरांनी फाटलेला खांदा त्यांच्यापुढे धरला आणि काय झालं ते सांगितलं. डॉक्टरांनी त्या खांद्याकडे बघितलंच नाही. म्हणाले, "तुम्ही माझी छाती दर वर्षी मोजता. उद्या दवाखान्यात या, एकदा तुमची मी मोजतो."

मास्तर गेले. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, आकडा बघितला, पुन्हा फुंकायला लावलं.

"जे गेलं ते सगळं परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण पुढचं जाणं आज थांबवता येईल. हृदयाला तर फायदा लगेच सुरू होतो. आजपासून बंद करा. उद्यापासून म्हणालात तर येऊ नका."

मास्तरांनी बंद केली. पहिले काही आठवडे फार वाईट गेले. खोकला कमी व्हायचा तर उलट वाढला, चिडचिड इतकी की घरात लेक त्यांच्या वाटेला जात नसे. हात सारखा ओठांकडे जायचा. मग त्यांनी दोन बोटांत सिगारेटऐवजी खडूचा तुकडा धरायला सुरुवात केली. कुठेही जावोत, खडू बोटांत. पिवळी बोटं हळूहळू पांढरी झाली. बस सोडून चालत येऊ लागले. तासाभराने टेबलावरून पाठ सरळ करून आरशापर्यंत फेरी मारायचे. ताटात भाजी वाढली, जेवणाची वेळ ठरली. आणि एके दिवशी, दुकानात कापडाचं नवं थान उघडताना, ते थबकले. त्यांना लोकरीचा वास आला होता. ओल्या मेंढीसारखा, जिवंत वास. तरुणपणानंतर तो त्यांना आलाच नव्हता.

"टाचणी, नाक परत आलं रे," ते म्हणाले.

"कुठे गेलं होतं?" टाचणी टाचण्यांमधून म्हणाला. "मला तर रोज समोरच दिसत होतं, चांगलं लांबलचक."

आता टाचणीने का सोडली नाही? मास्तरांनी त्याला सांगितलं नव्हतं असं नाही. डोकं खाल्लं त्याचं. डॉक्टरांकडे चल म्हणाले, हात धरून ओढलं.

"दोघांनी सोडली तर मागचं दार गंजेल," टाचणी म्हणायचा. "तुम्ही शंभर वर्षं जगा मास्तर, मी तुमचे कोट शिवतो."

तेव्हा मास्तरांनी, त्यांच्यासारख्या माणसालाच सुचावा असा एक उपाय काढला. त्यांनी कापणं चालू ठेवलं. रोज सिगारेट मधोमध कापायची आणि दोन्ही अर्ध्या कट्ट्यावर ठेवायच्या. त्यांचं म्हणणं असं, की अख्खी हातात दिली तर हा एका दमात अख्खी ओढेल. अर्धी संपली की परत मशीनवर येईल, कामात रमेल, दुसरी विसरेल. आयुष्यभर कापून कापून माणसाला वाटू लागतं की कापलं की कमी होतं. टाचणी काही विसरायचा नाही. उलट त्याला मजा वाटे. संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगायचा, "मास्तरांनी सोडली आणि मी श्रीमंत झालो. आधी अर्धी मिळायची, आता दोन्ही माझ्या. फिल्टरचीसुद्धा."

पुढे काही वर्षांनी टाचणीचं वजन उतरू लागलं. फुप्फुसात गाठ निघाली. मशीनवर बसवेना तेव्हाही तो दुकानात येऊन खुर्चीत बसायचा. एकदा म्हणाला, "मास्तर, दुनियेचे कोट शिवले, माझ्या अंगावर एकही नाही. एक कापा ना माझ्यासाठी."

मास्तरांनी दुकानातलं सगळ्यात चांगलं कापड काढलं. गडद निळं. माप घेताना टेप छातीभोवती सैल पडत होती आणि टाचणी हसत होता, "जपून, दुमडून दोनदा गुंडाळाल." मास्तरांनी कोट कापला, कच्च्या टाक्यांनी जोडला आणि पहिल्या फिटिंगसाठी पुतळ्यावर चढवला. फिटिंगच्या दिवशी टाचणी आला नाही. त्यानंतर तो कधीच आला नाही.

वहिनी तेव्हा शाळेत शिकवत होती. दिवस झाले, मुलं आपापल्या वाटेला लागली, ती आपल्या कामाला लागली. रडत बसणं तिला जमत नसे. मास्तर दर आठवड्याला फळं घेऊन तिच्याकडे येत, खुर्चीच्या कडेवर बसत, "बरं आहे ना वहिनी?" विचारत आणि निघून जात. ती म्हणायची, "भावजी, टेकून बसा, खुर्ची चावत नाही." ते कधी टेकले नाहीत.

कारण एकच होतं, आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं कोणाला सांगितलं नाही. दुकानात वास येत होता.

पहिल्यांदा तो आला टाचणी गेल्यावर थोड्याच दिवसांनी. दुपारची वेळ, टेबलावर कापड, बोटांत खडू. मागून धुराचा वास आला, कडक, बिनफिल्टरचा. मास्तर सवयीने म्हणाले, "आटप रे, बाही लावायची आहे." आणि मग त्यांच्या हातातला खडू मोडला. ते मागच्या दारात गेले. दार आतून बंद होतं. कट्टा रिकामा. पलीकडचं गोदाम तेव्हा कुलूप लावून पडलेलं होतं. त्यांनी दार उघडलं, हवा आत येऊ दिली, पुन्हा लावलं. वास आतच होता, कापडाच्या थानांमध्ये, आरशापाशी, पुतळ्यावरच्या निळ्या कोटाजवळ सगळ्यात जास्त.

मग तो येतच राहिला. रोज नाही, रोज आला असता तर सवय झाली असती. नवी शिवणारी बाई कामावर आली, तिला कधी काही जाणवलं नाही. तिने एकदा चहाचा कप कट्ट्यावर ठेवला, मास्तरांनी न बोलता उचलून टेबलावर आणला. दुसऱ्यांदा ठेवला, पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा तिने ठेवला नाही. त्या कट्ट्यावर पुढे कधीच काही ठेवलं गेलं नाही.

लोक मास्तरांचं कौतुक करायचे. साठीला जिने चढताना न थांबणारा माणूस, सत्तरीत सुई ओवणारा. डॉक्टर त्यांना नव्या रुग्णांपुढे उभं करत, "बघा, हा माणूस नळी फुटेल इतका फुंकतो." रोज चालणं, मधूनमधून वजन उचलणं, मीठ कमी, साखर कमी, वर्षाला तपासणी. लेक चिडवायची, "बाबा, तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून, आवरून, कुलूप लावून मग जाणार."

ती हे हसत म्हणायची आणि मास्तर हसत नसत. त्यांना जगायची हाव नव्हती. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती, की एकच आयुष्य होतं, ते दोघांत कापलं गेलं, आणि कापताना आपल्या हाताने रेघ सोडली. आपल्या वाटची सिगारेट कट्ट्यावर ठेवून दिली आणि त्याच्या वाटची वर्षं उचलली. आता ही दुसऱ्याची अर्धी आहे. ती सांडून चालणार नाही. पावसात भिजले तर घाबरायचे, ते सर्दीला नव्हे. पायरी चुकली, जेवण जास्त झालं, एखादा दिवस चालणं राहिलं, की दुकानात वास येई. निदान मास्तरांना तसं वाटे. डॉक्टर गेले, त्यांचा शेवटचा सूटही मास्तरांनीच कापला. मास्तर चालतच राहिले.

मास्तरांची नव्वदी उलटली तेव्हा दुकान बंद करायचं ठरलं. वहिनी स्वतःही तोवर ऐंशीच्या पुढे गेलेली, गुडघे तिचे वैरी. पण लेकीने बोलावलं म्हणून ती आवराआवर करायला दुकानात आली. नवऱ्याच्या जाण्यानंतर ती आत पाऊल टाकत नसे. बाहेरूनच हाक मारायची. त्या दिवशी आत आली आणि पडद्यामागे पुतळ्यावर निळा कोट बघून थांबली.

"भावजी, हा कोणाचा?"

मास्तर थान गुंडाळत होते. "टाचणीचा."

वहिनीने चष्मा पुसला आणि कोटाभोवती एक फेरी मारली. ती शिकवायची गणित, पण आयुष्य काढलं शिंप्याच्या घरात. कोटाचे खांदे उतरवलेले होते. छाती आत घेतलेली. पाठ लांब सोडलेली, पुढचा भाग आखूड केलेला. कमरेतून वाकलेल्या म्हाताऱ्यासाठी कापतात तसा.

"ह्यांना पोक कधी आलं?" तिने विचारलं. "ताठ होते गेले तेव्हा."

"आलं असतं आतापर्यंत," मास्तर म्हणाले. "मी दर वर्षी स्वतःचं माप घेतो. माझा खांदा उतरला की त्याचाही उतरवतो. तो माझ्याहून जरा बारीक, तेवढा फरक ठेवतो."

वहिनी खुर्चीत बसली.

"वर्षानुवर्षं तुम्ही मेलेल्या माणसाला म्हातारं करताय, भावजी?"

"अस्तर लावलेलं नाही अजून," मास्तर म्हणाले, जणू हेच उत्तर होतं. आणि होतंही. अस्तर लावायच्या आत कोट उघडा असतो, हवा तसा आत-बाहेर करता येतो. अस्तर लागलं की कोट झाला. मग त्याला कोणी हात लावत नाही.

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. वास, कट्टा, दोन्ही अर्ध्या. उभ्यानेच सांगितलं, शाळेतल्या मुलासारखं, खडू बोटांत धरून. सांगून झाल्यावर ते वहिनीकडे न बघता म्हणाले, "माझ्या वाटच्याही त्यानेच ओढल्या. मी ठेवल्या म्हणून."

"मला माहीत होतं," वहिनी म्हणाली.

मास्तरांनी मान वर केली.

"त्याच आठवड्यात येऊन सांगितलं होतं मला, मोठी लॉटरी लागल्यासारखं. तुम्ही काय समजता, टाचणीच्या पोटात काही राहायचं? आणि भावजी, तुम्ही ठेवल्या नसत्या तर त्याने कोपऱ्यावरून आणल्या असत्या. घरी आणत होताच. न्हाणीघरात ओढायचा, वर साबणाचा वास करायचा, जसं काही मी नाक गहाण टाकलं होतं. तोंड त्याचं होतं."

"कात्री माझी होती," मास्तर म्हणाले.

वहिनी उठली, गुडघ्यावर हात टेकत पुतळ्यापाशी गेली आणि कोटाची कॉलर नाकाशी धरली. खडू आणि इस्त्रीच्या वाफेचा वास. बाकी काही नाही.

"मला नाही येत," ती म्हणाली.

"तुम्ही कधी ओढली नाही ना," मास्तर म्हणाले. "ज्याने सोडली त्यालाच येतो."

"मग अशानेच तो इथे उभा राहतो, भावजी. तुम्ही त्याला जाऊच देत नाही. दर वर्षी नवं माप देऊन बसवून ठेवता. तो गेला तेव्हा ज्या मापाचा होता त्या मापाचा करा हा कोट, अस्तर लावा आणि संपवा. पाहिजे तर माझ्याकडे टांगते."

मास्तरांनी कोटाच्या आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं. इतक्या वर्षांत त्यांनी आत घेतलेलं कापड कधी कापून टाकलं नव्हतं. सगळं शिवणीत दुमडून ठेवलेलं होतं. हवं तेव्हा परत सोडता यावं म्हणून. का ठेवलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"अस्तर तुम्ही आणा," ते शेवटी म्हणाले. "रंग तुम्ही ठरवा. ते तुमच्या पसंतीचं हवं."

"आणते. राखाडी सोडून कुठलाही."

मास्तर हसले. वहिनीने त्यांना दुकानात हसताना बघितल्याला फार वर्षं झाली होती.

त्या आठवड्यात त्यांनी कच्चे टाके उसवले. खांदे वर घेतले, छाती सोडली, पाठ होती तेवढी आखूड केली. कोट पुन्हा एका ताठ, काटकुळ्या, पन्नाशीतल्या माणसाचा झाला. लेक म्हणाली, बाबा त्या दिवसांत शिट्टी वाजवत होते. वास येतो का, असं वहिनीने फोनवर विचारलं, तर म्हणाले, "मधूनमधून. पण आता तो दाराबाहेर असतो, आत येत नाही."

अस्तराचं मात्र राहिलं. कोपऱ्यावर कापडाचं दुकान, वहिनीच्या घरापासून दोन वळणं. पहिल्यांदा गुडघा दुखला. मग पाहुणे आले. मग एकदा ती दुकानाच्या पायरीपर्यंत गेली, आत शेल्फवर अस्तराच्या गुंडाळ्या दिसत होत्या, मरून, बिस्किटी, काळ्या. आणि ती तशीच परत आली. घरी येऊन चहा ठेवला आणि स्वतःवरच चिडली. मास्तरांनी कधी आठवण केली नाही. ती फोनवर विचारायची, "भावजी, अस्तर तेवढं राहिलंय ना?" तर ते म्हणायचे, "होईल हो, घाई काय आहे, अजून बटणांची काजं करायची आहेत." काजं करून झाली होती, लेकीने सांगितलं. मग ते म्हणू लागले, बटणं बघतोय. दोघंही एकमेकांना सवड देत राहिले. अस्तर लागलं की कोट झाला, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एका सकाळी मास्तर फिरून आले, बंद दुकानाच्या पायरीवर नेहमीप्रमाणे दम खायला नव्हे, नुसते बसायला बसले, आणि उठले नाहीत. पायांत बूट होते. उजव्या हाताच्या दोन बोटांत खडू होता. ब्याण्णव वर्षं म्हणजे लोकांनी हळहळावं असं काही नाही, आणि कोणी फार हळहळलंही नाही. सगळे म्हणाले, कसं छान आयुष्य काढलं, शिकण्यासारखं आहे.

आहे शिकण्यासारखं. वाचणाऱ्यांपैकी कोणी ओढत असेल तर आज सोडा. चालायला लागा, भाजी खा, वेळेवर झोपा. नाक परत येईल, श्वास परत येईल, वर्षं वाढतील. हे सगळं खरं आहे, मास्तरांनी करून दाखवलं. आणि शेजारी बसणाऱ्याच्या हातातही एक असेल, तर त्याच्यासाठी ती कापून ठेवू नका. एवढंच त्यांच्याकडून राहिलं होतं.

भावजी, तुमच्या लेकीने पुतळ्यासकट कोट माझ्याकडे आणून ठेवला आहे. खिडकीशी उभा असतो, ताठ. पाठीकडून बघितलं तर दोन्ही बाजूंच्या शिवणी बरोबर येतात. समोरून बघितलं तर आतून कच्चं कापड दिसतं. मी रोज त्याच्यापुढून जाते. कापडाचं दुकान कोपऱ्यावरच आहे, आज उघडंही आहे. अस्तर मी अजून आणलेलं नाही.